दोन आखूड भोंगे

बंदर खात्याचे निरीक्षक चार वाजता यायचे होते. परंतु तीनचा ठोका पडतो न पडतो तोच थोरला, धाकटा हे दोघे भाचे आणि थोरली सून असे तिघे जिना चढून धक्क्यावरच्या भोंग्याच्या खोलीत आले, तेव्हा आत्याने ओळखले की दुपारच्या जेवणावर तिच्या पाठीमागे काहीतरी शिजले आहे. सून तर तिकिटांच्या खिडकीला कुलूप लावून आली होती. ती खिडकी भर दुपारी बंद झालेली आत्याने हयातीत तीनदा पाहिली होती आणि तिन्ही वेळा घरातले कोणीतरी गेले होते.

"बसा," ती म्हणाली. "तिघं मिळून बोलणार की एकेकानं?"

थोरल्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "भांडायला नाही आलो, आत्या."

"मग खिडकी उघडी ठेवून यायचं होतं. खाली लोक उभे आहेत."

धाकटा बसला नाही. तो भिंतीवरच्या नियमांसमोर जाऊन उभा राहिला. आत्याच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली ती अक्षरे दर दोन वर्षांनी ती स्वतः गिरवून काढी. ब्रश दुसऱ्या कोणाच्या हाती तिने कधी दिला नव्हता.

"निरीक्षक आपले नियम तपासणार आणि नव्या छापील यादीत घालणार," धाकटा म्हणाला. "बाकीच्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पायऱ्यांजवळ वेग कमी, आपापली उजवी बाजू धरायची, जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय टाकायचा नाही, ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावरून जायचं नाही. सगळं बरोबर. नववा तेवढा काढू."

आत्याने नववा नियम वाचला नाही. तो वाचण्याची गरज त्या खोलीत कोणालाच नव्हती.

दोन कड्यांच्या मधून समुद्राकडे जाणारी वाट जिथे हाताच्या कोपरासारखी वळते, त्या जागेला सगळे कोपर म्हणत. तिथे एकमेकींना ओलांडण्याइतकी जागा दोन बोटींना मिळत नाही, आणि धुके असले की समोरून कोण येते आहे ते दिसतही नाही. म्हणून नववा नियम. धुक्यात कोपरात शिरण्यापूर्वी एक लांब भोंगा द्यावा. आतून तसेच उत्तर आले तर बाहेरच्या बोटीने यंत्र बंद करून थांबावे, आणि थांबल्याची खूण म्हणून दोन आखूड भोंगे द्यावेत. ते दोन आखूड ऐकल्यावाचून आतल्या बोटीने पुढे सरकू नये.

अकरा वर्षांपूर्वी आत्याचा भाऊ, थोरल्या-धाकट्याचे वडील, ज्यांना घरातलीच नव्हे तर धक्क्यावरची माणसेही अण्णा म्हणत, धुक्यातून कोपरात शिरले ते बाहेर आले नाहीत. बोट सापडली नाही, फळकूटही सापडले नाही. त्यानंतर दोन बोटी एका वेळी त्या वाटेवर येणार नाहीत असे वेळापत्रक थोरल्याने बांधून दिले. आणि त्यानंतरच्या प्रत्येक धुक्यात, आत कोणी नसताना, बाहेरच्या भोंग्याला आतून उत्तर येऊ लागले.

"दर वेळी दहा मिनिटं त्या कड्याला मान द्यायचा," धाकटा म्हणाला. "प्रवासी घड्याळं बघतात. परवा एकानं विचारलं, आत कोण राहतं म्हणून."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, कड्याला ढेकर येतो."

सून फिसकन हसली आणि आपण एकटीच हसलो हे लक्षात येऊन तिने ओठ मिटले.

"प्रतिध्वनी आपलाच आवाज परत देतो," आत्या म्हणाली. "तू देतोस तो सरळ असतो. परत येतो त्याला शेपूट असतं. लांब भोंग्याच्या शेवटी एक लहानसा हुंकार. भोंग्याची दोरी अशी जड हातानं सोडणारा माणूस या धक्क्यावर एकच होऊन गेला."

"ते तुझ्या कानात आहे, आत्या."

"मलाही ऐकू येतं," थोरला म्हणाला.

धाकटा गर्रकन वळला. "खाली जेवताना वेगळं बोललास!"

"जेवताना मी जेवत होतो. बोलत तूच होतास."

तीन विरुद्ध एक असा निघालेला मोर्चा दोनावर दोन झालेला पाहून सुनेला राहवले नाही. "तुमचा नियम तुम्ही ठेवा, आत्याबाई. मला त्यातलं काही कळत नाही. पण तो बिल्ला काढा." तिने समोरच्या भिंतीकडे हात केला.

त्या भिंतीवर फळा होता. फळ्याच्या डाव्या अर्ध्या भागावर 'आत', उजव्या अर्ध्या भागावर 'बाहेर', आणि खिळ्यांना टांगलेले लाकडी बिल्ले, दर माणसामागे एक. पाण्यावर जाताना आपला बिल्ला बाहेरच्या बाजूला न्यायचा, परत आले की आतल्या बाजूला. मात्र आपला बिल्ला आपल्याच हाताने हलवायचा. दुसऱ्याचा बिल्ला कोणी हलवायचा नाही, बाप असो वा मुलगा. त्यामुळे अकरा वर्षे अण्णांचा बिल्ला 'बाहेर'च्या बाजूलाच होता. लाकूड पार काळवंडले होते.

"माझी पोर सकाळी पलीकडे गेली," सून म्हणाली. "पहिल्या महिन्यातली बोटवाली ती. तिचा बिल्ला त्या बिल्ल्याच्या शेजारी टांगलेला बघून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. मेलेल्या माणसाच्या रांगेत उभी केली आहे तिला."

आत्या ताठ बसून राहिली. तिला उत्तर देता आले असते. परंतु आईची भीती खोडून काढता येत नाही, एवढे तिला, स्वतः आई नसूनही, ठाऊक होते.

*

निरीक्षक आले ते पंधरा मिनिटे आधी आणि त्यांच्या मागोमाग धुके आले.

सून खिडकीशी उभी होती. समुद्राच्या बाजूने एक पांढरी भिंत सरकत आली, तिने आधी कडे गिळले, मग वाट दाखवणारे तरंगते लाल पिंप, मग पायऱ्यांशी बांधलेल्या होड्या एकेक करून. ठकी साडेचारला पलीकडून सुटणार, म्हणजे अजून वेळ आहे, धुके पडले की ती सुटणारच नाही, असे ती मनाशी घोकत होती. ठकी हे लेकीचे लाडाचे नाव. शिकाऊ बोटवाल्यांना तिला त्या नावाने हाक मारायला बंदी होती, आणि म्हणूनच ते सगळ्यांना पाठ झाले होते.

निरीक्षक नीटनेटके गृहस्थ होते. त्यांनी छापील कागद मांडीवर घेतला. "पाहणीच्या वेळी पाण्यावर असलेल्या बोटी?"

"दोन," आत्या म्हणाली.

"यादीनुसार फेरीबोट एक. दुसरी कोणती?"

आत्याने फळ्याकडे बोट केले. निरीक्षकांनी फळ्याकडे पाहिले, काळ्या बिल्ल्याकडे पाहिले, आणि समंजसपणे तो रकाना कोरा ठेवला. "नंतर भरू."

"साहेब, तुम्हीच चला," धाकटा म्हणाला. "माझी लाँच खाली उभी आहे. पाच मिनिटांवर कोपराचं तोंड आहे. मी भोंगा देतो, उत्तर येईल, आपण सरळ आत शिरू आणि आत काही नाही हे तुमच्या डोळ्यांनी बघा. मग नववा नियम ठेवायचा की काढायचा ते तुम्हीच सांगा."

"आत आत्ता कोणी नाही ना?"

"पुढची फेरी साडेचारला. तोपर्यंत वाट मोकळी."

"मी येतो," थोरला म्हणाला. त्याला धाकट्यावर विश्वास नव्हता की धुक्यावर, हे सुनेला त्याच्या आवाजावरून कळले नाही.

निरीक्षकांना बसेल असे जॅकेट सापडेना. जे सापडले ते पोटावर मिटेना. आत्याने स्वतः उठून त्याचे पट्टे खेचले. "श्वास आत घ्या," ती म्हणाली, आणि त्या अधिकाऱ्याने मुकाट्याने घेतला. मग तिने पाहुण्यांसाठी असलेला कोरा बिल्ला त्यांच्याच हातून बाहेरच्या बाजूला टांगून घेतला. थोरल्याने आपला नेला. धाकट्याने आपला नेला. पाच बिल्ले एका रांगेत आले.

तिघे गेल्यावर खोलीत दोघी उरल्या. लाँचचे यंत्र दूर दूर जात राहिले.

"तुम्हाला खरंच वाटतं का, आत्याबाई, की आत..."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. पलीकडच्या धक्क्यावरचा कारकून होता. सुनेने ऐकून घेतले आणि रिसीव्हर हातात धरूनच ती वळली.

"काय झालं?"

"धुकं येताना दिसलं म्हणून ती त्याच्या आधी निघाली. सव्वातीनला. चाळीस माणसं आहेत बोटीत." तिला पुढचे बोलवेना. "आत्याबाई, ती आत्ता कोपरात आहे."

कड्यांच्या मधे रेडिओ कधीच लागत नसे. लाँचचा रेडिओ तर धाकट्याने कोपराच्या तोंडाशी पोचताच बंद केलेला असणार. भोंगा नीट ऐकू यावा म्हणून तो नेहमी तसे करी. आत्या उठली आणि छतातून लोंबणारी धोक्याच्या घंटेची दोरी तिने दोन्ही हातांनी धरली. नेमक्या त्याच क्षणी धुक्यातून धाकट्याचा लांब भोंगा आला.

आणि पाठोपाठ उत्तर आले. लांब, संथ, शेवटी लहानसा हुंकार.

"थांबणार नाही तो," आत्या म्हणाली. ती सुनेशी बोलत नव्हती. "तो थांबत नाही." आणि ती घंटा बडवू लागली.

*

"ऐकलंत?" धाकटा निरीक्षकांना म्हणाला. "हाच तो ढेकर." आणि त्याने लाँच पुढे घातली.

"थांब," थोरला म्हणाला.

"दहा मिनिटं कशाला, दादा? साहेबांना दाखवायचंच आहे ना?"

धुके इतके दाट होते की लाँचचे नाक दिसत नव्हते. कडे जवळ आले आहेत हे फक्त यंत्राच्या आवाजावरून कळत होते. आवाज दोन्ही बाजूंनी परत येऊ लागला होता. धाकट्याने अशाच धुक्यात गेल्या महिन्याभरात तीनदा न थांबता लाँच आत घातली होती. काही झाले नव्हते. काही होणारही नव्हते.

मग मागून घंटा आली. एकेक ठोका नव्हे, सलग, वेड्यासारखी. धक्क्यावरून तशी घंटा म्हणजे असेल तिथे उभे राहा. वेगाच्या दांड्यावरचा त्याचा हात सवयीने मागे आला. आणि घंटेच्या आवाजातून, पुढून, दुसरे उत्तर आले. बारीक, किंचित चिरकलेले. तो भोंगा त्याने स्वतः महिन्यापूर्वी खोलून साफ केला होता.

"ठकी," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा धुक्याच्याच रंगाचा झाला. "ती आत आहे. दे. दोन आखूड दे!"

धाकट्याने भोंग्यावर हात ठेवला. हात तिथेच राहिला.

"अरे दे ना! ती वाट बघत उभी आहे आत. भरतीची ओढ तिला खडकावर नेईल!"

अकरा वर्षांत त्या वाटेवर कोणीही दोन आखूड दिले नव्हते. कड्याला कोण वाट करून देणार? लोक उत्तर ऐकत, दहा मिनिटे गप्प उभे राहत आणि मग आत शिरत. शेवटचे दोन आखूड त्यानेच दिले होते, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, याच जागी. अण्णांनी आतून विचारले होते आणि त्याने खूण दिली होती, मी थांबलो आहे, तुम्ही या. आणि यंत्र बंद केले नव्हते. घाई कसली होती ते आता आठवतही नव्हते. बहुधा भूक लागली होती. जागा पुरेल असे वाटले होते. मग धुक्यात एक पांढरी बाजू उगवली, ती त्याच्यापासून दूर, खडकाकडे वळली, आणि लाकडाचा आवाज झाला. त्याने घरी येऊन आपला बिल्ला आत टांगला होता.

त्याने किल्ली फिरवली. यंत्र बंद झाले. किल्ली उपटून त्याने थोरल्याच्या हातात कोंबली. "ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नको. नांगर टाक."

नांगर तळाला लागल्याचे त्याला दोरीतून कळले. मग त्याने दोन आखूड भोंगे दिले.

घंटा थांबली. काहीच ऐकू येईना. आणि त्या शांततेत लाँच उचलली गेली. आधी नाक, मग मध्य, मग मागची बाजू, एखादी जड बोट हाताच्या अंतरावरून गेल्यावर जशी उचलली जाते तशी. नांगराची दोरी ताणून कुरकुरली. पाणी बाजूच्या फळ्यांवर थपथपले आणि मागे धक्क्याच्या दिशेने निघून गेले. यंत्राचा आवाज नव्हता. गार वाऱ्याचा एक पट्टा तिघांच्या तोंडावरून गेला.

निरीक्षकांनी कठडा दोन्ही हातांनी पकडला होता. "कोणती बोट गेली ही?"

दोघे भाऊ धुक्यातच बघत होते. चांगली दोन मिनिटे गेली, आणि मग धुक्यातून फेरीबोटीचे नाक, तिचे दिवे, कठड्याशी दाटीवाटीने उभी असलेली माणसे आणि सुकाणूवर ठकी, ओठ घट्ट मिटलेली, अशी सगळी एकदम त्यांच्या शेजारून हळूहळू सरकत गेली.

*

ठकीच्या आईने तिला जिन्यातच मिठी मारली, मग पाठीत एक धपाटा घातला, मग पुन्हा मिठी मारली. ठकी खोलीत आली. तिने आपला बिल्ला आत टांगला. निरीक्षकांनी आपला कोरा टांगला. थोरल्याने, धाकट्याने आपापले. आत्या एकेक हात पाहत होती.

"वेळापत्रक मोडून निघालीस," ती नातीला म्हणाली. "महिनाभर सुकाणू बंद. तिकिटाच्या खिडकीवर बसायचं."

"हो, आजी." ठकीने वाद घातला नाही. ती स्टुलावर बसली. "काका, दोन आखूड ऐकले तेव्हा कुठे जिवात जीव आला. आत बोटीला पाण्याची ओढ लागली होती. पण पुढचा होता म्हणून वाचले."

"कुठला पुढचा?" थोरल्याने विचारले.

"माझ्या पुढे बोट होती ना. तुमचे दोन आखूड झाल्यावर आधी ती सुटली. तिचा मागचा दिवा लागत होता, विझत होता, तार सैल झाल्यासारखा. मी त्या दिव्यामागोमाग आले, नाहीतर डावीकडचा खडक मला दिसलाच नसता." तिने सगळ्यांकडे पाहिले. "कुठं बांधली ती? खाली पायऱ्यांशी दिसली नाही."

धाकटा भिंतीला टेकला आणि तसाच खाली जमिनीवर बसला. "ती तार मी जोडणार होतो," तो म्हणाला. "अण्णा आठवडाभर सांगत होते. उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिलो."

त्याने थोरल्याकडे पाहिले.

"दादा. त्या दिवशी मी थांबलो नव्हतो. खूण दिली आणि थांबलो नाही."

थोरल्याने भावाकडे पाहिले. मग त्याने मान वळवून आत्याकडे पाहिले, आणि ते पाहणे अधिक कठीण होते. "तुला माहीत होतं."

"दोन आखूड मी इथं बसून ऐकले," आत्या म्हणाली. "यंत्र बंद झालेलं ऐकलं नाही."

"अकरा वर्षं?"

"विचारलं असतं तर त्यानं खरं सांगितलं असतं. आणि त्या रात्री तोही पाण्यावर गेला असता, परत न येण्यासाठी. मला एक गेलेला पुरे होता." तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "चूक केली असेन. तुम्ही ठरवा."

थोरल्याने खिशातली किल्ली बाहेर काढली. ती भावाला परत द्यावी की नाही हे त्याला ठरवता येईना. ती त्याच्या मुठीतच राहिली. सुनेने मात्र उठून धाकट्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

"साहेब," धाकटा खालूनच म्हणाला, "नववा खोडू नका."

निरीक्षकांनी मान हलवली. आणि तेव्हा खाली, पायऱ्यांशी, बांधलेल्या होड्या डोलू लागल्या. समुद्राकडची आधी, मग तिच्या शेजारची, मग तिच्या अलीकडची, एखादी बोट धक्क्याला लागताना डोलतात तशा ओळीने. वारा नव्हता. दोरी खुंट्यावर टाकल्यासारखा एक ओला आवाज झाला. मग जिन्याची सर्वांत खालची पायरी कुरकुरली.

आत्या उठून उभी राहिली. "सगळ्यांनी खिडकीकडे तोंड करा."

"आत्याबाई..."

"खिडकीकडे. साहेब, तुम्हीही. आपला बिल्ला ज्यानं त्यानं हलवायचा असतो. त्याकडे टक लावून बघायचं नसतं."

सगळे वळले. काचेपलीकडे नुसते पांढरे होते. ठकीने आईचा हात धरला. धाकटा भिंतीचा आधार घेत उभा राहिला आणि तोही वळला. त्याने मागे पाहिले नाही. जिना अर्ध्यावर एकदा थांबला, जड शरीराचा माणूस दम घ्यायला थांबतो तसा, आणि पुन्हा कुरकुरला. खोलीत ओल्या लाकडाचा वास आला.

त्यांच्या पाठीमागे फळ्यावर एक बिल्ला खिळ्यावरून निघाला, आणि क्षणभराने दुसऱ्या खिळ्यावर खट्कन बसला.

बऱ्याच वेळाने निरीक्षकांनी कागद उलगडल्याची सळसळ झाली. लिहायला त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "तो रकाना राहिला होता, बाई," ते अगदी हळू म्हणाले. "पाण्यावर असलेल्या बोटी. किती लिहू?"

आत्या धुक्याकडेच पाहत होती.

"एकही नाही," ती म्हणाली. "लिहा."